जॉन लँग्डन डाउन

जॉन लँग्डन हेडन डाउन (१८ नोव्हेंबर १८२८ – ७ ऑक्टोबर १८९६) हे एक ब्रिटिश वैद्यक होते. आज 'डाउन सिंड्रोम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन्मजात अवस्थेचे पहिले सुस्पष्ट व सलग वर्णन त्यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील अर्ल्सवूड येथील संस्थेचे ते दहा वर्षे वैद्यकीय अधीक्षक होते. त्यानंतर पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी लंडनजवळ नॉर्मन्सफिल्ड ही संस्था स्थापन केली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या केवळ बुद्धीकडे न पाहता त्यांची शारीरिक वाढ, आहार, दात व टाळू, रक्ताभिसरण, वाचा आणि हातांचे कौशल्य यांचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या वैद्यकांत त्यांची गणना होते. या अवस्थेचे त्यांनी दिलेले कारण पुढे चुकीचे ठरले, तिला दिलेले नावही त्याज्य ठरले. मात्र मुलांच्या शरीराविषयी त्यांनी केलेली अनेक निरीक्षणे टिकून राहिली.

सुरुवातीचे जीवन

डाउन यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉल परगण्यातील टॉरपॉइंट या लहान गावी झाला. त्यांच्या वडिलांचे गावात औषधांचे व किराणा मालाचे दुकान होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटल्यावर जॉन वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. औषधे कुटणे, मोजणे, पुड्या बांधणे ही कामे करीत असतानाच त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

तारुण्यातील एक प्रसंग त्यांनी पुढील आयुष्यात सांगितला आहे. कुटुंबासह सहलीला गेले असता जोराचा पाऊस आला आणि सर्वांनी एका झोपडीवजा घराचा आसरा घेतला. तेथे त्यांची सरबराई करणारी मुलगी मंदबुद्धी होती. अशा मुलीसाठी काहीच करता येणार नाही काय, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या मनात घर करून राहिला. त्या वेळी ते सुमारे अठरा वर्षांचे होते व वैद्यकीय शिक्षणाची वाट अद्याप खुली झालेली नव्हती.

शिक्षण

अठराव्या वर्षाच्या सुमारास डाउन लंडनला गेले आणि व्हाइटचॅपल भागातील एका शल्यवैद्याकडे राहिले. तेथे रुग्णांचे रक्त काढणे, दात उपटणे, औषधे तयार करून देणे अशी कामे त्यांना करावी लागत. पुढे ब्लूम्सबरी स्क्वेअर येथील औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्रवेश मिळवला व सेंद्रिय रसायनशास्त्रात पारितोषिक पटकावले. मध्यंतरी प्रकृती ढासळल्याने आणि दुकानात वडिलांना मदत हवी असल्याने त्यांना गावी परतावे लागले.

१८५३ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, डाउन यांनी लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. सहाध्यायांहून वयाने मोठे असूनही ते अग्रेसर विद्यार्थ्यांत गणले गेले. १८५६ मध्ये त्यांनी व्यवसायासाठी आवश्यक असणाऱ्या परीक्षा पूर्ण केल्या आणि पुढे लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी मिळवली. लंडनमध्ये किफायतशीर व्यवसाय थाटणे त्यांना शक्य होते. मात्र त्यांनी अशी वाट निवडली, जिला त्या काळच्या वैद्यकविश्वात फारशी प्रतिष्ठा नव्हती.

अर्ल्सवूड येथील कार्य

१८५८ मध्ये डाउन यांची सरे परगण्यातील अर्ल्सवूड येथील संस्थेवर वैद्यकीय अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. समाजसेवक अँड्र्यू रीड यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेची इमारत १८५५ मध्ये खुली झाली होती. जन्मतः किंवा बालपणापासून बौद्धिक अक्षमता असलेल्यांना तेथे ठेवले जाई. अशा व्यक्तींसाठी 'इडियट' हा शब्द त्या काळी कायद्यात व वैद्यकात अधिकृतपणे वापरला जात असे. आज तो अपमानास्पद मानला जातो.

डाउन आले तेव्हा संस्थेची घडी विस्कटलेली होती. स्वच्छतेविषयी तक्रारी होत्या आणि देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकांचे अहवाल प्रतिकूल होते. डाउन यांनी शारीरिक शिक्षा बंद केली. निवासी मुलांना स्वच्छ कपडे, पुरेसे अन्न व मोकळी हवा मिळेल अशी व्यवस्था लावली. जेवताना काटे-सुऱ्यांचा वापर शिकवला जाऊ लागला. बागकाम, सुतारकाम, शिवणकाम अशी कामे दिनक्रमात आली. नावाजलेले कारागीर जेम्स हेन्री पुलन हे या संस्थेचे निवासी होते. त्यांनी पुढे 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाची अत्यंत बारकाईने घडवलेली प्रतिकृती लोकांच्या कौतुकाचा विषय ठरली.

१८६० मध्ये डाउन यांचा विवाह मेरी क्रेलिन यांच्याशी झाला. मेरी यांनी संस्थेच्या दैनंदिन कारभारात मोठा वाटा उचलला. त्याचबरोबर डाउन लंडन हॉस्पिटलमध्येही रुग्ण तपासत असत. त्यामुळे मोठ्या रुग्णालयातील तपासणीची शिस्त त्यांनी अर्ल्सवूडमध्ये आणली. प्रत्येक निवाशाची नोंद ठेवणे, डोक्याची व तोंडाची मापे घेणे, मृत्यूनंतर शवविच्छेदन करणे या गोष्टी त्यांनी नियमितपणे केल्या. छायाचित्रण ही तेव्हा नवी कला होती. तीही त्यांनी आत्मसात केली आणि निवाशांची सुमारे दोनशे छायाचित्रे काढली. बौद्धिक अक्षमतेच्या वैद्यकीय अभ्यासासाठी छायाचित्रणाचा वापर करण्याचे हे आरंभीचे उदाहरण मानले जाते.

तोंडाच्या रचनेकडे त्यांचे विशेष लक्ष होते. अशा मुलांच्या तोंडाच्या स्थितीविषयी त्यांनी १८६२ मध्ये लेख प्रसिद्ध केला. अनेक मुलांची टाळू अरुंद व उंच कमानीसारखी असते, हे त्यांनी त्यात मांडले. बुद्धीतील उणीव ही एकटी नसून शरीराच्या एकंदर जडणघडणीशी निगडित असते, हा विचार या अभ्यासामागे होता.

१८६६ चा लेख

अर्ल्सवूडमधील निवाशांच्या नोंदी चाळताना काही मुलांत विलक्षण साम्य असल्याचे डाउन यांच्या ध्यानात आले. ही मुले वेगवेगळ्या घरांतली होती, तरी एकमेकांशेजारी उभी केली असता एकाच आईबापांची वाटावीत इतकी सारखी दिसत. चेहरा चपटा व रुंद, नाक लहान, डोळे तिरकस, जीभ जाड व खरखरीत, त्वचा सैल अशी लक्षणे त्यांनी टिपली. १८६६ मध्ये लंडन हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालग्रंथात हे वर्णन प्रसिद्ध झाले. आपण पाहिलेल्या रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जण या गटातील आहेत, असेही त्यांनी नमूद केले. एस्किरोल व सेग्यँ या फ्रेंच वैद्यकांच्या लेखनात अशा मुलांचे ओझरते वर्णन आधी आले होते. तथापि ही एक स्वतंत्र अवस्था आहे, हे स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय डाउन यांना दिले जाते.

ही अवस्था नेहमीच जन्मजात असते आणि जन्मानंतरच्या अपघाताने ती उद्भवत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अचूक होता. मुलाला दाईने पाडले, आईला भय वाटले, कोणाची दृष्ट लागली, अशा समजुती ज्या काळात प्रचलित होत्या त्या काळात या निष्कर्षाला विशेष महत्त्व होते.

मुलांची वाढ व आरोग्य यांविषयीची निरीक्षणे

त्या लेखाचा सर्वांत मोलाचा भाग चेहऱ्याच्या वर्णनात नसून मुलांच्या प्रकृतीविषयी व संगोपनाविषयी लिहिलेल्या मोजक्या ओळींत आहे.

डाउन यांच्या मते या मुलांचे रक्ताभिसरण क्षीण असते. उन्हाळ्यात त्यांनी जी प्रगती केलेली असते, ती थंडीच्या दिवसांत काही अंशी मागे पडते. शरीर तापले की मन व हात चपळ होतात आणि गारठ्यात दोन्ही मंदावतात, असा अनुभव त्यांनी नोंदवला. या मुलांचे आयुर्मान सरासरीहून बरेच कमी असते आणि क्षयरोगाकडे त्यांचा कल असतो, हेही त्यांनी लिहिले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात छातीचे विकार अशा मुलांच्या जिवावर बेतत.

आहाराविषयी त्यांची भूमिका ठाम होती. या मुलांना नायट्रोजनयुक्त, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनयुक्त, अन्न भरपूर द्यावे आणि त्यात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण चांगले असावे, असे त्यांनी सांगितले. निवासी संस्थांत पातळ पेज व पाव यांवर मुलांची बोळवण होण्याच्या काळात हा आग्रह खर्चाचा होता. योग्य उपचार केल्यास या मुलांत त्याचे फळ चांगले दिसून येते, हे त्यांचे मत त्याला आधारभूत होते.

वाचेविषयी त्यांचे निरीक्षण असे, की ही मुले बहुधा बोलू शकतात, मात्र त्यांचे उच्चार जड व अस्पष्ट असतात. जिभेच्या पद्धतशीर व्यायामाने त्यांत सुधारणा होते. हालचालींतील ताळमेळ कमी असला तरी सरावाने तो वाढवता येतो आणि शिस्तबद्ध शिक्षणाने हातांत बरेच कौशल्य येते. या मुलांची अनुकरणशक्ती दांडगी असते, त्यांना विनोदाची जाण असते आणि गमतीचा प्रसंग ती चटकन हेरतात, असेही त्यांनी लिहिले. मुलांच्या स्वभावातील हा जिवंतपणा त्यांनी शरीराच्या लक्षणांइतक्याच काळजीने टिपला.

वर्गीकरण आणि त्यावरील टीका

१८६६ च्या लेखाची मूळ मांडणी मात्र सदोष होती. मानववंशांचे पाच गट मानण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. त्या आधारे डाउन यांनी निवाशांची विभागणी केली व प्रस्तुत मुलांना त्यांच्या चेहऱ्यावरून 'मंगोलियन' गटात टाकले. या साम्याला काहीही शास्त्रीय आधार नव्हता. पुढे त्यांचे पुत्र रेजिनाल्ड यांनीही हे साम्य वरवरचे असल्याचे मत मांडले. तथापि ते नाव वैद्यकीय ग्रंथांत जवळजवळ शंभर वर्षे राहिले. त्यामुळे अशा मुलांचा व त्यांच्या कुटुंबांचा, त्याचप्रमाणे मंगोलियातील लोकांचाही अकारण अवमान झाला.

या मांडणीला तत्कालीन वादाची पार्श्वभूमी होती. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते. मानववंश मुळातच भिन्न आहेत, असे सांगून गुलामगिरीचे समर्थन करणारे काही विद्वान होते. एका वंशाच्या आईबापांपोटी दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्याचे मूल जन्मू शकत असेल तर वंशांमधील भिंती पक्क्या नाहीत आणि मानवजात एकच आहे, असा उलट निष्कर्ष डाउन यांनी काढला. हेतू उदार असला तरी युक्तिवादाचा पाया चुकीचा होता. वंशांच्या उतरंडीची कल्पना त्या मांडणीतही गृहीत धरलेली होती.

कारणाविषयीही त्यांचा अंदाज चुकला. आईवडिलांना असलेला क्षयरोग हे मूळ कारण असावे, असे त्यांना वाटले. मुलांमध्ये आढळणारे छातीचे विकार आणि त्या काळी घरोघरी असलेला क्षय यांमुळे हा समज झाला असावा.

नॉर्मन्सफिल्ड

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात निवाशांच्या हस्तकृती मांडण्याच्या खर्चावरून आणि मेरी यांच्या विनावेतन कामावरून डाउन यांचे अर्ल्सवूडच्या व्यवस्थापक मंडळाशी मतभेद झाले. १८६८ मध्ये त्यांनी तेथील पद सोडले. त्याच वर्षी थेम्स नदीजवळ, टेडिंग्टन व हॅम्प्टन विक यांच्या सीमेवर, त्यांनी स्वतःची संस्था सुरू केली. मित्र नॉर्मन विल्किन्सन यांच्या नावावरून तिला नॉर्मन्सफिल्ड हे नाव मिळाले.

येथे प्रामुख्याने सधन कुटुंबांतील मुले येत. अशा घरांत अपंग मूल बहुधा लोकांच्या दृष्टीआड ठेवले जाई. नॉर्मन्सफिल्डमध्ये त्यांना शेत, बाग, कार्यशाळा व संगीत यांचा सहवास मिळाला. १८७९ मध्ये संस्थेत एक सुशोभित नाट्यगृह बांधण्यात आले. नाटक व गाणे हे डाउन यांच्या दृष्टीने वाचा, स्मरण व हालचाल यांच्या शिक्षणाचे साधन होते. मुलांची अनुकरणाची आवड त्यांनी १८६६ मध्येच नोंदवली होती, तिला येथे रंगमंच मिळाला. दैनंदिन कारभार, नोकरवर्ग व हिशेब मेरी सांभाळत. संस्थेच्या यशात त्यांचा वाटा पतीइतकाच मोठा मानला जातो.

उत्तरायुष्य

१८८७ मध्ये लंडनच्या वैद्यकीय संस्थेपुढे डाउन यांनी लेटसोमियन व्याख्याने दिली. बालपण व तारुण्य यांतील मानसिक विकार हा त्यांचा विषय होता. त्याच वर्षी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. यात त्यांनी वंशाऐवजी कारणांवर आधारित वर्गीकरणाला प्राधान्य दिले. जन्मजात, वाढीच्या टप्प्यांवर उद्भवणारे आणि आघाताने किंवा आजाराने येणारे, असे त्याचे तीन प्रकार होते. एकंदर बुद्धी मर्यादित असूनही गणित, संगीत किंवा स्मरणशक्ती यांत असामान्य असणाऱ्या व्यक्तींचे वर्णनही त्यांनी केले. आज प्रॅडर-विली सिंड्रोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेशी जुळणाऱ्या एका मुलीची हकिकत त्यांनी याच्या कितीतरी आधी लिहून ठेवली होती.

स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. शिकलेल्या स्त्रियांची मुले दुर्बल निपजतात, हा त्या काळी मांडला जाणारा युक्तिवाद त्यांनी खोडून काढला.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी डाउन यांचे आकस्मिक निधन झाले. १९०० मध्ये मेरी यांचेही निधन झाले. रेजिनाल्ड व पर्सिव्हल हे त्यांचे पुत्र वैद्यक होते. त्यांनी नॉर्मन्सफिल्डचा कारभार पुढे चालवला. १९०५ मध्ये रेजिनाल्ड यांना जॉन नावाचा मुलगा झाला. आजोबांचे नाव घेऊन आलेल्या या नातवाला, त्यांनीच वर्णिलेली अवस्था होती. तळहातावर आडवी जाणारी एकच रेघ हे या अवस्थेचे आज सर्वपरिचित असलेले लक्षण रेजिनाल्ड यांनीच नोंदवले.

कारणाचा शोध आणि नावातील बदल

मातेचे वय व ही अवस्था यांतील संबंध लायोनेल पेनरोझ यांनी १९३३ मध्ये संख्याशास्त्रीय पद्धतीने दाखवून दिला. १९५९ मध्ये जेरोम लेज्युन, मार्थ गोतिए व रेमाँ त्युर्पँ या फ्रेंच संशोधकांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. एकविसाव्या जोडीतील एक गुणसूत्र जादा असते, हे त्यातून कळले. अशा रीतीने आईवडिलांचा क्षयरोग व वंश ही दोन्ही स्पष्टीकरणे निकालात निघाली.

१९६१ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहून जुने वंशवाचक नाव सोडण्याची मागणी केली. त्यांनी सुचवलेल्या पर्यायांतून 'डाउन सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. मंगोलियाच्या विनंतीनंतर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुने नाव सोडले. डाउन यांनी दिलेले नाव गेले आणि त्यांचे स्वतःचे नाव त्या जागी आले.

आजच्या वैद्यकातील स्थान

डाउन यांनी क्षीण म्हटलेल्या रक्ताभिसरणाचा विचार पुढे हृदयाच्या अंगाने झाला. या अवस्थेचा हृदयातील जन्मजात दोषांशी असलेला संबंध आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १८९४ मध्ये निदर्शनास आणला. अशा सुमारे निम्म्या बालकांच्या हृदयात दोष असतो, हे आज ज्ञात आहे. म्हणून बाळ वरकरणी निरोगी दिसत असले तरी जन्मानंतर लवकर हृदयाची सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. दोष वेळीच कळल्यास शस्त्रक्रियेने तो बहुधा दुरुस्त करता येतो.

स्नायू शिथिल असल्याने ही बालके मान धरणे, बसणे, चालणे हे टप्पे उशिरा गाठतात. बहुतेक मुले दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात. शिथिल स्नायू व लहान तोंड यांमुळे अंगावर पिताना अनेक बाळे लवकर दमतात आणि वजन हळू वाढते. त्यांची उंचीही सर्वसाधारण मुलांहून कमी राहते. त्यामुळे त्यांच्यासाठी वाढीचे स्वतंत्र तक्ते तयार करण्यात आले. अमेरिकेत असे तक्ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१५ मध्ये नव्याने तयार झाले. सर्वसाधारण तक्त्यावर खुरटलेले दिसणारे मूल या तक्त्यावर योग्य गतीने वाढत असल्याचे दिसू शकते. उलट, त्यावरही मूल मागे पडत असेल तर हृदय, थायरॉइड ग्रंथी किंवा आहार यांत काही बिघाड आहे काय, हे पाहावे लागते. थायरॉइडची कमतरता, कानात पाणी साचून कमी ऐकू येणे, दृष्टिदोष आणि झोपेत श्वास अडखळणे या तक्रारी या मुलांत अधिक आढळतात. त्यांसाठी ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. बालपणानंतर वजन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोकाही असतो. त्यामुळे डाउन यांनी सांगितलेला भरपूर स्निग्ध आहार आज सरसकट योग्य मानला जात नाही. त्यांनी सुचवलेल्या जिभेच्या व्यायामांचे व हातांच्या सरावाचे काम आता वाचोपचार, फिजिओथेरपी व व्यवसायोपचार या शाखा विकसित रूपात करतात.

हृदयशस्त्रक्रिया, प्रतिजैविके आणि कुटुंबातील संगोपन यांमुळे या व्यक्तींचे आयुर्मान पुष्कळ वाढले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत ते सरासरी २५ वर्षांच्या आसपास होते, आज तेथे ते साठीच्या घरात आहे.

वारसा

नॉर्मन्सफिल्ड संस्था १९५१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली आणि १९९७ मध्ये बंद झाली. तेथील नाट्यगृह जतन करण्यात आले आहे. त्याच वास्तूत डाउन यांच्या नावाचे संग्रहालय आणि डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संघटनेचे कार्यालय आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्यातील एकविसावा दिवस, २१ मार्च, जागतिक डाउन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो.

डाउन यांच्या कार्याचे मूल्यमापन आज दोन्ही अंगांनी केले जाते. वंशावर आधारित वर्गीकरण, मुलांना घरापासून दूर मोठ्या संस्थांत ठेवण्याची पद्धत आणि निवाशांची संमती न घेता काढलेली छायाचित्रे यांवर टीका होते. दुसरीकडे, ज्या मुलांकडे वैद्यकानेही पाठ फिरवली होती त्यांना त्यांनी नीट तपासले, मोजले, पोटभर खाऊ घातले आणि योग्य काळजी घेतल्यास ती सुधारतात असे लिहून ठेवले, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासाने घेतली आहे.